डावीकडे जरा टोचतंय

आमचे हे दातांच्या डॉक्टरला भ्यायचे, असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसणारच, कारण आमचं पोट दातांवरच चालायचं. घराच्या पुढच्या खोलीत आमची लॅब. लॅब म्हटल्यावर डोळ्यांसमोर काहीतरी भारी आणू नका. दोन टेबलं, एक गॅसची शेगडी, घासायचं मशीन, आणि भिंतभर फळ्यांवर मांडलेले प्लॅस्टरचे जबडे. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं यायची, आम्ही त्यावरून कवळ्या करून द्यायचो. मेणात एकेक दात बसवायचं काम ह्यांचं, घासून गुळगुळीत करायचं काम माझं. एकतीस वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. निम्मं गाव आमच्या दातांनी जेवतं, असं मी सांगत फिरायचे.

आणि असा हा माणूस दवाखान्याची पायरी चढायला तयार नाही. तयार कवळी पोचवायला गेले की डबी काउंटरवरच्या बाईच्या हातात कोंबायची आणि धूम ठोकायची, सही घ्यायलासुद्धा थांबायचं नाही. आतून मशीनचा आवाज आला की रस्त्यावर येईपर्यंत शर्ट भिजलेला. अहो, तेच मशीन घरी दिवसभर ह्यांच्या कानाशी घरघरायचं, तेव्हा काही नाही. मी चिडवायचे, की दुसऱ्यांच्या तोंडात घालायचे दात करता आणि स्वतःचं तोंड उघडायला नव्या नवरीसारखे लाजता. हसायचे, पण ओठ मिटून.

ह्यामागे काय होतं ते मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. नऊ वर्षांचे असताना दाढ काढायला नेलं होतं. वडिलांनी गुडघे धरले, कंपाउंडरनं डोकं धरलं, आणि इंजेक्शन चढायच्या आधीच डॉक्टरनं पकड घातली. हे ओरडले. तर घरी येईपर्यंत वडिलांनी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात भित्रा, भित्रा म्हणून ह्यांचा उद्धार केला. दुखलेलं विसरलो पण तो शब्द विसरलो नाही, असं मला म्हणाले होते. त्यानंतर मी चिडवणं सोडलं. अगदी सोडलं असं नाही, माझी जीभच तशी आहे; पण तो शब्द मात्र मी कधी वापरला नाही.

दात पडायचे ते पडतच गेले. एखादा हलायला लागला की दोरा बांधून स्वतःच ओढायचे, न्हाणीघरात नळ सोडून, म्हणजे मला ऐकू जाऊ नये. शेवटचे सहा उरले तेव्हा हर्नियाचं ऑपरेशन निघालं. ह्यांनी त्या सर्जनचे अक्षरशः पाय धरले, भूल देणारच आहात तर हे सहाही काढून टाका म्हणून. त्यांनीही कुणाला तरी बोलावून काढून टाकले. पोटाचं ऑपरेशन करून घ्यायला गेलेला माणूस बोळका होऊन घरी आला. मी दारातच हसून हसून खाली बसले. हेही हसले, आणि त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा तोंड उघडून हसताना पाहिलं.

मग कवळी. डॉक्टरकडे जाऊन माप देणं तर सोडाच, ते मीच घेतलं, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून. गुलाबी लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला, म्हटलं, आ करा. केला. डोळे मिटले, माझं मनगट घट्ट धरलं आणि लगदा घट्ट होईपर्यंत तसेच बसून राहिले. जगात माझ्याशिवाय कुणाचं बोट ह्यांच्या तोंडात जात नाही, ह्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटायचा. कवळी तर अशी बसली की विचारू नका. चार वर्षं ह्यांनी त्या दातांनी शेंगदाणे खाल्ले.

मागच्या वर्षाच्या सुरुवातीला एकदा जेवता जेवता म्हणाले, "डावीकडे जरा टोचतंय."

ह्यात घाबरण्यासारखं काय होतं? टोचते म्हणून आठवड्याला दोन-तीन कवळ्या तरी आमच्याकडे परत यायच्या. आमच्या धंद्यात तोंड कधी चुकत नाही, चुकते ती कवळी. टोचलं की घासायचं, तरी टोचलं तर आणखी घासायचं. त्याची एक रीत आहे. तोंडात जिथे लाल झालंय तिथे जांभळ्या पेन्सिलीनं ठिपका द्यायचा, वरून कवळी बसवायची आणि काढायची. ठिपका कवळीवर उमटतो. जिथे उमटला तेवढंच घासायचं. हे खरं म्हणजे डॉक्टरांचं काम. मी डॉक्टरीणबाईंना करताना पाहिलं होतं. आमचं निम्मं काम ह्या बाईंकडून यायचं, आणि त्यांच्याकडे डबी घेऊन आत जायची ती मीच. आम्ही लॅबवाले तोंडं बघत नाही, प्लॅस्टरचे साचे बघतो. पण घरचंच तोंड, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

ह्यांना स्टुलावर बसवलं, विजेरी धरली. खालच्या हिरडीला, जिभेच्या बाजूनं, तांदळाएवढी लाल जागा दिसली. ठिपका दिला, कवळीवर छान उमटला. घासलं, गुळगुळीत केलं, त्या जागेवर बधिर करायचं मलम बोटभर लावलं आणि कवळी बसवली. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, एक नंबर.

तीन आठवड्यांनी परत तेच, त्याच जागी. परत घासलं, परत मलम. महिन्याभरानं परत. मी करवादले, की तुम्ही जेवता की दगड फोडता? चौथ्या खेपेला ती जागा लाल राहिली नव्हती. मध्ये पांढरट झाली होती आणि कडेनं जाड लागत होती. मी म्हटलं, घट्टा पडलाय. माझ्या बोटांना घासून घासून पडलेले आहेतच की. पाचव्या खेपेला कवळीची ती कड इतकी पातळ झाली की उजेडासमोर धरली तर पलीकडची खिडकी दिसायची. एवढं सगळं बघून मी काय केलं? तर आणखी पातळ केली.

आता सांगते ते मी फार दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. सहाव्या खेपेला मी ठिपका दिला, कवळी बसवली, काढली, तर कवळीवर काहीच नाही. परत दिला, अंगठ्यानं दाबून बसवली. काही नाही, कोरीच्या कोरी. म्हणजे कवळी त्या जागेला लागतच नव्हती. जे लागत नाही ते टोचेल कसं? एकतीस वर्षं ह्या धंद्यात काढलेल्या बाईला ह्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. ह्या खेपेला चुकत होतं ते तोंड.

मी म्हटलं, अहो, उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ या. काही करायचं नाही, नुसतं दाखवून यायचं. हे उठून पाणी प्यायला गेले तर हातातून पेला सुटला. फरशीवरचं पाणी स्वतःच पुसलं, परत येऊन स्टुलावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "तूच कर ना. तू केलंस की बरं वाटतं."

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते मला कुणी शिकवायला नको. रोज शिकवते मी मला. मी मशीन चालू केलं. ज्या कडेवर काहीही उमटलं नव्हतं तिच्यावर उगाच ब्रश फिरवला, नुसता आवाज व्हावा म्हणून. मग भरपूर मलम लावून कवळी बसवून दिली. बघ, गेलं, असं म्हणाले आणि हातपाय धुऊन कामाला बसले. मला वाटलं, मी माया करतेय. दुखलं असतं तर कधी ना कधी हा माणूस स्वतःहून उठून गेला असता. एवढी भीतीसुद्धा दुखण्यापुढे टिकली नसती. ते दुखणंच मी दर खेपेला काढून घेत होते.

सातव्या खेपेला विजेरी धरली आणि रक्त दिसलं. कवळी धुतली, रुमालात गुंडाळली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. म्हटलं, मी आता ह्याला हात लावणार नाही. दोन दिवस आमचा अबोला. हे मऊ भात गिळायचे आणि मी भिंतीकडे बघत जेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले, शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, जाऊ. पण तू खोलीतून बाहेर जायचं नाहीस.

मी आधी एकटी जाऊन बाईंना भेटले. कवळी लागून जखम झालीय आणि हे फार घाबरतात, एवढंच सांगितलं. रक्ताचं बोलले नाही, न उमटलेल्या ठिपक्याचं तर नाहीच. बाई हसल्या नाहीत. उद्यापासून दुपारी एकला आणा म्हणाल्या, तेव्हा दवाखाना जेवायला बंद असतो, कुणाचा आवाज नाही की ओरडणं नाही. पहिल्या दिवशी मी कशालाही हात लावणार नाही, असंही म्हणाल्या.

पहिल्या दिवशी हे बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं बसले आणि घरी आले. आल्यावर दोन तास झोपले, ओझी वाहून आल्यासारखे. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले, पायात चपला तशाच, खुर्ची सरळ. बाई समोर स्टुलावर, हात कोटाच्या खिशात घालून. ह्यांना बोलतं करायला म्हणून त्यांनी कामाचं काढलं, तर ह्यांनी बाईंनाच फैलावर घेतलं. तुमची मापं मागच्या बाजूला नेहमी उथळ येतात, आम्हाला अंदाजानं भरावं लागतं, पंधरा वर्षं सांगीन सांगीन म्हणत होतो. बाई निमूट ऐकत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला मनातून इतकं बरं वाटलं, की वाटलं, काही नसेल. कवळीच असेल. तिसऱ्या दिवशी आ केला, बाईंनी लांबूनच दहापर्यंत आकडे मोजले आणि झालं म्हणाल्या. नको वाटलं तर नुसता हात वर करा, मी थांबेन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ह्यांनी हात वर केला नाही.

चौथ्या दिवशी जिना चढताना माझा हात सोडून पुढे गेले. चपला दारात काढल्या, स्वतःहून खुर्चीत बसले, स्वतःहून डोकं मागे टेकवलं. दोन्ही हातांनी स्वतःचेच गुडघे धरून ठेवले होते. ज्यांना भीतीच वाटत नाही त्यांनी त्या खुर्चीत बसण्यात कसलं आलंय कौतुक? कौतुक ह्यांचं. मी तिथे होते म्हणून सांगते.

बाईंनी दिवा खाली ओढला, आरसा आत घातला आणि त्यांचं बोलणं थांबलं. इतका वेळ काही ना काही बोलत होत्या. मग आरसा ठेवून ह्यांच्या गळ्याला, जबड्याखाली, दोन बोटांनी चाचपून पाहिलं, एका बाजूला, मग दुसऱ्या. कवळी मागितली. मी रुमालातून काढून दिली. तिची ती कड त्यांनी दिव्यासमोर धरली आणि विचारलं, हे किती दिवस आहे, आणि ही कड कुणी घासली.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण ह्यांनी मला बोलू दिलं नाही.

"दीड-दोन महिने झाले असतील," हे म्हणाले. "मीच घासत होतो. हिला काही माहीत नाही, हिच्यापासून लपवलं मी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसले. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि उद्याच जा म्हणाल्या, परवा नाही.

घरी येताना रस्त्यात मी विचारलं, की असं का सांगितलंत. हे पायांखाली बघत चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, की उद्या तुला एकटीला लॅब चालवायची वेळ आली तर ह्याच लोकांकडे काम मागायचंय, तुझ्या हाताला बोल लागून कसं चालेल. मी म्हटलं, गेली लॅब खड्ड्यात. तेव्हा थांबले.

"आणि साहेबांना तर मुळीच सांगू नकोस," म्हणाले. "ती चिडली की सोडत नाही. माझ्यावर चिडू दे. तुझ्यावर चिडली तर तुला कोण आहे?"

साहेब म्हणजे आमची लेक. एकुलती एक. विमा कंपनीत आहे, लोकांचे दावे तपासते. आजार कधी सुरू झाला, कुणाला माहीत होतं, मग तेव्हाच का नाही कळवलं, हेच दिवसभर विचारायचं आणि कुणी खोटं बोलला की त्याला कागदावर पकडायचं. घरातही तीच तऱ्हा, लहानपणापासून. म्हणून हे तिला साहेब म्हणायचे आणि ती आली की उठून उभे राहायचे, गंमत म्हणून. बापलेकीचं इतकं गूळपीठ, की मी म्हणायचे, मला काय फक्त भाकऱ्या थापायला ठेवलंय का.

ती दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन आली. ह्यांनी तिलाही तेच सांगितलं, मीच घासत होतो, हिच्यापासून लपवलं. हॉस्पिटलमध्ये तिनंच सगळं केलं, रांगा, तपासण्या, कागद, डॉक्टरांशी बोलणं. रिपोर्ट आला. कॅन्सर होता, आणि गळ्याच्या गाठींपर्यंत पोचला होता. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाच-सहा महिने आधी आला असतात तर एवढासा तुकडा काढून घरी पाठवलं असतं. लेकीनं ते ऐकलं, फाइल बंद केली, आणि सरळ ह्यांच्या खाटेपाशी गेली.

"आईला तरी सांगायचं होतं," ती म्हणाली. "घरात माणूस होतं ना तुमच्या? एवढं कसलं भित्रं असावं माणसानं?"

तिला त्या शब्दाचं काही माहीत नव्हतं. ह्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्यांनीच मला गप्प राहा म्हणून सांगितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, हो ग, भीती वाटली. मी खाटेच्या पायथ्याशी चादरीची घडी घालत होते. ती घडी मी परत मोडली आणि परत घातली.

ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा जबडा गेला आणि जिभेचा तुकडा गेला. बोलणं गेलं. हातात पाटी-पेन्सिल आली. लेक रोज यायची. औषधं द्यायची, नळीतून पातळ अन्न द्यायची, नर्सशी भांडायची, सगळं बिनचूक. पण ह्यांच्याजवळ बसायची नाही. पूर्वी आली की त्यांच्याच खुर्चीच्या हातावर बसायची, आता खिडकीपाशी उभी राहून मोबाइल बघायची. त्यांनी खूण केली तर काय पाहिजे एवढंच विचारायची. चिडली की सोडत नाही, हे ह्यांनी बरोबर ओळखलं होतं. मला मात्र ती रोज संध्याकाळी मिठी मारायची. तुझी काही चूक नाही ग आई, तुला त्यांनी अंधारात ठेवलं, असं म्हणायची. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायचे आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. ह्यांचं लक्ष असायचं. त्यांना ते बघून बरं वाटायचं, हे मी शपथेवर सांगते. ह्याहून वाईट शिक्षा मला कुणी दिली नसती.

एकदा दुपारी ह्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पाटी तिच्याकडे धरली. अक्षर वेडंवाकडं आलं होतं. "साहेब, रागावू नका" असं लिहिलं होतं. तिनं वाचलं. पाटी हातातून घेतली, ओल्या कापडानं पुसली, कोरी करून त्यांच्या पोटावर ठेवली आणि बाटलीत पाणी भरून आणायला निघून गेली. हे पाटीकडे बघत राहिले. परत काही लिहिलं नाही. मी तिच्यामागे धावत जाऊन सगळं ओकून टाकायला हवं होतं. उठलेही. तर ह्यांनी माझं मनगट धरलं, माप घेताना धरायचे तसंच घट्ट, आणि मान हलवली. नाही. मी बसले.

गाठ परत आली. ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, एका सकाळी, नर्स उशी बदलत असताना हे गेले. लेक तेव्हा खाली कागदांवर सह्या करत होती. वर आली तेव्हा सगळं संपलं होतं. ती रडली नाही. त्यांचा चष्मा पुसून डब्यात ठेवला आणि मला घरी घेऊन आली.

त्याला आता नऊ महिने होतील. लॅबचं काम मी जमेल तेवढं करते, बाईंचं काम अजून येतं. ह्यांनी म्हटल्याप्रमाणे माझ्या हाताला बोल लागला नाही. लेक दर रविवारी येते, आणि तिनं घरात एक नियम काढलाय, की मी दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यायचं. म्हणून गेल्या शनिवारी आम्ही दोघी बाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, नंबर यायची वाट बघत बसलो होतो. शेजारी कुणी नव्हतं. आत कुणाचं तरी मशीन घरघरत होतं आणि ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती. मी घाबरलेय असं तिला वाटत होतं. आणि घाबरले होतेच.

ती म्हणाली, "काही दुखत असेल तर आताच सांग हं आई. बाबांसारखं लपवू नकोस. मला अजून त्यांना माफ करता येत नाही."

ती हे नेहमी म्हणायची. दर वेळी मी होऽ म्हणून वेळ मारून न्यायचे. ह्यांचा शब्द मोडायचा नाही, असं मनाला सांगायचे. खरं सांगू? शब्दाचं निमित्त होतं. तिचा तो हात सुटू नये म्हणून मी गप्प होते. पण त्या दिवशी मशीनचा आवाज येत होता, आणि मला दिसलं, हे ह्याच बाकावर दहा मिनिटं बसले होते, माझ्या सांगण्यावरून. मला राहवलं नाही.

मी म्हटलं, त्यांनी लपवलं नव्हतं.

मग सगळं सांगितलं. स्टूल, विजेरी, पेन्सिल, मलम. सहाव्या खेपेला न उमटलेला ठिपका, आणि आवाजासाठी फिरवलेला ब्रश. खुर्चीत बसून ते माझ्यासाठी खोटं बोलले ते, आणि कोपऱ्यावर थांबून काय म्हणाले तेही. ती ऑफिसात ऐकत असेल तशी ऐकत होती, समोर बघत. माझ्या हातावरचा तिचा हात कधी उचलला गेला ते मला कळलं नाही. काउंटरवरच्या बाईनं मला दोनदा हाक मारली, आम्ही दोघीही उठलो नाही.

मग तिनं विचारलं, "मी पाटी पुसली तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

"कुठे होतीस तू?"

"तिथेच," मी म्हटलं. "खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते."